घुमारा कुठून आणायचा?

गेल्या गणपतीत आंजर्ल्याला गेलो होतो. आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, ओटीवर चहा आला आणि पुतण्याने प्रश्न टाकला. तो दापोलीला कॉलेजात जातो, वाडीतल्या बेंजो पार्टीत वाजवतो आणि वर्षभर पैसे साठवून त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. "काका, रिव्हर्ब कोणता घेऊ? सात-साडेसात हजारांपर्यंत जमेल. स्प्रिंगचा घेऊ, हॉलचा घेऊ, का प्लेटचा?"

मी वीसेक वर्षं गिटार वाजवतो, त्यातली निम्मी पैसे घेऊन. त्यामुळे घरात या विषयातला जाणकार मीच. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की त्याला या तीन शब्दांचा अर्थ ठाऊक नाही. त्यात त्याचा दोष नाही. पेडलवर एक गोल बटण असतं. ते फिरवलं की 'स्प्रिंग', 'हॉल', 'प्लेट', 'रूम', 'शिमर' अशी नावं येतात, जशी पानाच्या ठेल्यावर बरण्यांवर असतात. प्रत्येक नावामागे एक खरी वस्तू होती, वजनदार आणि बरेचदा गंजकी. ती कुणीतरी कुठल्यातरी अडचणीपोटी बनवली होती. ती अडचण माहीत नसेल तर निवड कशी करायची?

आधी शब्दांचं बघू. इंग्रजीत इको वेगळा आणि रिव्हर्ब वेगळा. आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्याला 'इको'च म्हणतात. "भाऊ, जरा इको वाढव." पण मराठीत हा फरक जुनाच आहे. खाडीपलीकडच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारली की ती परत येते, तो पडसाद. देवळाच्या घुमटाखाली 'ओम' म्हटलं की तो सुटा परत येत नाही, तिथेच भरून राहतो आणि हळूहळू विरतो, तो घुमारा. फरक सगळा वेळेचा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरवर असेल तर तो जाऊन यायला एक दशांश सेकंद लागतो आणि परतलेला आवाज कानाला वेगळा ऐकू येतो. भिंती जवळ असतील तर परतलेले आवाज इतक्या लगोलग आणि इतके दाट येतात की कान ते सुटे मोजतच नाही. मूळ आवाजाला एक शेपूट फुटली आहे, एवढंच त्याला कळतं. ही शेपूट म्हणजे रिव्हर्ब.

दोन्ही गोष्टी एकदम अनुभवायच्या तर विजापूरला जावं. मोहम्मद आदिलशहाचा गोल घुमट १६५६ साली झाला. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. वरच्या सज्जात टाळी वाजवली तर आवाज पलीकडे जाऊन यायला ७६ मीटर चालतो, म्हणजे सेकंदाच्या पावभागापेक्षा किंचित कमी वेळ. म्हणून तिथे टाळी एकामागून एक सुटी सुटी ऐकू येते आणि सहलीला आलेली पोरं ती मोजत बसतात. गोल भिंतीला लागून कुजबुजलं तर ते भिंतीच्या कडेकडेने सरकत पलीकडच्या माणसाच्या कानापर्यंत जातं. अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला केला होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाखालीही त्यांनी प्रयोग केले. रामन परिणामाच्या आधीचे, आवाजाच्या मागे लागलेले हे रामन आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे भेटत नाहीत.

आमच्या कड्यावरच्या गणपतीचं देऊळ आकाराने त्या मानाने लहान. मूळचं लाकडी देऊळ काढून आजचं बांधकाम झालं ते १७६८ ते १७८० या काळात. देव आधी खाली समुद्राकाठी होता, समुद्र आत आला तेव्हा तो टेकडीवर चढला, असं गावात सांगतात. त्याचं पाऊल म्हणून एक खूणही दाखवतात. लहानपणी आम्हा पोरांना पावलापेक्षा घुमटात जास्त रस. कुणी मोठं माणूस बघत नाही असं पाहून एक बारीकशी आरोळी ठोकायची आणि ती विरेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. माझा पहिला रिव्हर्ब तोच, आणि पुतण्याचाही. 'हॉल' म्हणजे काय हे त्याला पेडलच्या माहितीपुस्तिकेतून शिकायची गरज नव्हती. पण पेडलमधला 'हॉल' आणि तो घुमट यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

घुमारा मोजायला पहिल्यांदा शिकला तो हार्वर्डचा एक तरुण प्राध्यापक, वॉलेस सॅबिन. १८९५ साली विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि त्यात कुणाचं एक वाक्य धड कळेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्ता पुढचे पंधरा शब्द बोलून मोकळा. हे दुरुस्त करायचं काम सॅबिनच्या गळ्यात पडलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एक ऑर्गनची नळी वाजवली आणि हातात घड्याळ धरून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढवल्या, पुन्हा मोजलं. पहाटे गाद्या परत नेऊन ठेवायच्या, कारण सकाळी तिथे माणसं बसणार. अशा कित्येक रात्री. त्यातून त्याचा नियम निघाला: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका घुमारा लांब, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. त्याच हिशोबाच्या आधाराने बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

सॅबिनच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचं माप. गादी किती आवाज शोषते हे सांगायला त्याने तिची तुलना उघड्या खिडकीशी केली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण. अमुक गाद्या म्हणजे इतके चौरस फूट उघडी खिडकी.

या मापाने आंजर्ल्याचा किनारा म्हणजे सगळीच उघडी खिडकी. ओहोटीच्या वेळी पुळणीवर मधोमध उभं राहून टाळी वाजवून बघा. टाळी निघते आणि संपते. जगातली सगळ्यात कोरडी जागा म्हणून आपण वाळवंटाचं नाव घेऊ, पण आवाजाच्या हिशोबात समुद्राचा उघडा किनाराही तेवढाच कोरडा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसांनी घुमारा यंत्रात भरायचा खटाटोप का केला? कारण यंत्राने तो आधी काढून घेतला होता. १९०२पासून आपल्याकडे ध्वनिमुद्रिका होऊ लागल्या तेव्हा गायक भोंग्यात तोंड घालून गात. भोंग्याला जवळचा जोरकस आवाज तेवढा कळे, खोली कळत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५च्या ध्वनिमुद्रिका ऐका आणि मग १९३०च्या दशकात, विजेचा मायक्रोफोन आल्यावर केलेल्या ऐका. गायक तोच, मधे तीस वर्षं. पण पहिल्यांत ते पेटाऱ्यात बसून गाताहेत असं वाटतं आणि दुसऱ्यांत आपल्यासमोर बसून. वयाने गाणं बदललं हे खरं, पण ऐकणाऱ्याला जाणवणाऱ्या फरकातला मोठा भाग हवेचा आहे.

बोलपट आला तेव्हा कोरडेपणा हाही एक पर्याय आहे हे ओळखणारी माणसंही होती. 'प्रभात'च्या १९३७च्या 'कुंकू'मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. पडद्यावरच्या जगात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. संगीतकार केशवराव भोळे यांच्यासारखा जाणता माणूस हाताशी असताना हा संयम दाखवणं सोपं नव्हतं. घुमाऱ्यावर लिहिताना हा चित्रपट मला नेहमी आठवतो, कारण रिव्हर्ब निवडताना 'शून्य' हाही आकडा बटणावर असतो आणि बहुतेकांना तो दिसत नाही.

बरोबर उलटी गोष्ट १९४९ची. बॉम्बे टॉकीजचा 'महल', खेमचंद प्रकाश यांचं संगीत आणि 'आयेगा आनेवाला'. गाणं भुताटकीचं. आवाज लांबून येतोय, जवळ येतोय असं वाटायला हवं आणि हाताशी त्यासाठीचं यंत्र नाही. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. ही आठवण त्यांनीच अनेकदा सांगितली आहे. यातली युक्ती साधी आणि अचूक आहे. गायक लांब असेल तर मायक्रोफोनकडे थेट आवाज कमी आणि भिंतींवरून आलेला जास्त पोचतो. जवळ आल्यावर प्रमाण उलटं होतं. आज पेडलवर 'मिक्स' नावाचं जे बटण असतं, कोरडा किती आणि ओला किती हे ठरवणारं, ते त्या दिवशी मालाडमध्ये पायांनी फिरवलं गेलं. वीस वर्षांची मुलगी, गाणं सांभाळायचं, श्वास सांभाळायचा आणि पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही. पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं.

अमेरिकेत त्याच सुमारास हीच भूक वेगळ्या तऱ्हेने भागवली जात होती. शिकागोत बिल पटनम याने १९४७ साली हार्मोनिका वाजवणाऱ्या त्रिकूटाचं 'पेग ओ माय हार्ट' ध्वनिमुद्रित करताना त्यांचा आवाज स्टुडिओच्या न्हाणीघरात स्पीकरवर वाजवला, तिथे मायक्रोफोन ठेवला आणि तो घुमलेला आवाज मूळ आवाजात मिसळला. न्हाणीघरात आपण सगळेच बरे गातो, त्यामागचं कारण त्याने कामाला लावलं. मग मोठ्या स्टुडिओंनी मुद्दाम रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोल्याच बांधल्या. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी मिळेल ते घेतलं. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात ली हेझलवूडने दोन हजार गॅलनची पाण्याची रिकामी टाकी आणून स्टुडिओबाहेर ठेवली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. १९५८ साली गाजलेल्या ड्वेन एडीच्या 'रेबेल राउझर'मध्ये गिटारीचा जो खोल, खर्जातला घुमारा आहे तो या टाकीचा. टाकीवर पक्षी येऊन बसत आणि मुद्रण करण्याआधी त्यांना हाकलावं लागे, असं सांगतात. (आपल्याकडे टाकी म्हटलं की 'शोले'च. त्या चित्रपटाचं ध्वनिमिश्रण परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाई यांनी केलं. त्या माणसाच्या कानांवर कुणीतरी स्वतंत्र पुस्तक लिहायला हवं.)

आता स्प्रिंग. ही गोष्ट गिटारीची नाहीच, ती चर्चची आहे. १९३०च्या दशकात लॉरेन्स हॅमंडचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आला. लोकांनी तो घरी नेला आणि तक्रार केली, की चर्चमधल्यासारखा वाजत नाही. वाजणार कसा? चर्चला उंच दगडी छत आणि यांच्या दिवाणखान्यात गालिचे, पडदे, सोफा. सॅबिनच्या भाषेत, सगळ्या खिडक्या उघड्या. हॅमंडला उत्तर सापडलं ते टेलिफोनवाल्यांकडे. लांब पल्ल्याच्या तारेत आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत आणण्यासाठी बेल लॅब्जने स्प्रिंगा वापरल्या होत्या. स्प्रिंगेच्या एका टोकाला आवाजाने कंप द्यायचा, तो वेटोळ्यांतून दुसऱ्या टोकाला जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो. म्हणजे एक फूटभर लांबीच्या तारेत भिंतींचं नाटक. दिवाणखान्यातल्या माणसाला दगडी चर्च विकत मिळालं, पेटीत घातलेलं.

यात परकं काही नाही. सारंगीच्या नाहीतर सतारीच्या तरफा काय करतात? वाजवणारा मुख्य तार छेडतो आणि खालच्या तारा कुणी हात न लावता गुणगुणत राहतात. स्प्रिंग आणि तरफ दोघी धातूच्याच, दोघी उसना आवाज घेऊन सावकाश परत करणाऱ्या. एक फरक आहे आणि तो मोठा आहे. स्प्रिंगेला सगळे सूर सारखे. तरफा आधी रागात मिळवाव्या लागतात, मग त्या रागातल्या सुरांनाच साथ देतात. बाहेरचा स्वर लागला तर गप्प बसतात. इतका शहाणा रिव्हर्ब अजून कुठल्याही कंपनीने विकायला काढलेला माझ्या पाहण्यात नाही. मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात मात्र तो टांगलेला असतो.

१९६१ साली लिओ फेंडरने हॅमंडची स्प्रिंग एका पेटीत घालून गिटारवाल्यांना विकायला काढली. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नसे. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि वाजवणाऱ्यांचं ऐकून घेणारा. १९६३पासून ही स्प्रिंग त्याच्या ॲम्पच्या पोटातच बसू लागली. डिक डेल या कॅलिफोर्नियातल्या वादकाला ती खरं म्हणजे आपल्या गाण्यासाठी हवी होती, गळ्यात कंप नाही म्हणून. मग त्याने तिच्यात गिटार लावली. पुढे जे झालं त्याला 'सर्फ' संगीत म्हणतात, लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं संगीत. स्प्रिंगेवर जोरात आघात केला की ती पाणी ठिबकल्यासारखा आवाज करते. त्या ठिबकण्यामुळे साऱ्या जगाने ठरवून टाकलं, की हा समुद्राचा आवाज.

आणि इथे मला आमची पुळण आठवते. खऱ्या समुद्राकाठी घुमारा नावालाही नसतो. डिक डेल वाजवायचा ते समुद्राजवळच्या मोठ्या नाचघरांत, छपराखाली. म्हणजे सबंध जग ज्याला समुद्राचा नाद समजतं तो एका ऑर्गनवाल्याने दिवाणखान्यातल्या चर्चसाठी टेलिफोनवाल्यांकडून घेतलेल्या तारेचा नाद आहे. आंजर्ल्याच्या पोराने तो सात हजार रुपये देऊन समुद्राकाठी परत आणायचा म्हणतोय. मी पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घेऊ की नको?"

प्लेटची गोष्ट लवकर आटपतो. १९५७ साली ईएमटी या जर्मन कंपनीने 'ईएमटी १४०' काढला. दोन मीटर लांब आणि एक मीटर उंच असा पोलादाचा पातळ पत्रा, चौकटीत ताणून टांगलेला. एका जागी त्याला कंप द्यायचा, दुसऱ्या जागी टिपायचा. सगळी पेटी अडीचशे किलोहून जड. पत्र्यात भिंती नाहीत, त्यामुळे 'खोली' अशी जाणवत नाही. नुसती दाट, चकचकीत शेपूट येते. गळ्याला ती फार शोभते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांतला गळ्याभोवतीचा झगमगाट बरेचदा या पत्र्याचा असतो.

मग संगणक. बेल लॅब्जमधल्या मानफ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं, की घुमारा नुसत्या आकडेमोडीने करता येतो. ते बाजारात यायला दीड दशक गेलं: १९७६ला 'ईएमटी २५०', १९७८ला 'लेक्सिकन २२४'. आता भिंतीही नकोत, तारही नको, पत्राही नको. १९८७ साली बॉस कंपनीने तो हिशोब पायाखाली दाबायच्या छोट्या पेडलमध्ये घातला. आणि इथून गंमत सुरू होते, कारण आकडेमोडीला जागेचं बंधन नसतं. वीस सेकंदांचा घुमारा हवा? घ्या. शेपूट विरताना एक सप्तक वर चढत जाणारी हवी? त्याचं नाव 'शिमर'. अशी जागा पृथ्वीवर नाही, आणि मला विचाराल तर बरं आहे नाही ते. दोन सुरांत कुणालाही देवदूत बनवतो हा शिमर, तिसऱ्या सुरापर्यंत कंटाळा येतो.

आता आमच्या बेंजोकडे येतो, कारण पुतण्याची गिटार तिथेच वाजणार आहे. बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली टायपरायटरसारख्या कळा लावलेलं 'ताइशोगोतो' हे वाद्य काढलं, ते फिरत फिरत इकडे आलं. मुंबई-कोकणात त्याला पिकअप लावून ॲम्प्लिफायर जोडला गेला आणि त्याचा बेंजो झाला. अमेरिकन बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं. कोळीवाड्यातली हळद असो, विसर्जन असो, शिमगा असो, कळांवर धावणारी ती टणत्कारी तार ऐकली नाही असा माणूस किनारपट्टीला सापडणार नाही. रवी जाधव यांनी २०१६ला त्या नावाचा हिंदी चित्रपटही काढला. हेच आमचं पहिलं विजेवरचं तंतुवाद्य. इलेक्ट्रिक गिटार हिंदी चित्रपटांतून ऐकू येत होती, 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंगांची गिटार कुणाला माहीत नाही, पण ती ऐकायची वस्तू होती. हाताशी होता तो बेंजो. आणि बेंजोवाल्याला पहिल्यापासून इको लागतो, कारण त्याची तार फटकन वाजून मरते आणि तो वाजवतो उघड्यावर, चालत्या टेम्पोत. सगळ्या खिडक्या उघड्या. मागच्या भिंतीची सोय त्याला बरोबर न्यावी लागते.

म्हणून पुतण्याला मी हिशोब घातला. तुमची चाल मिनिटाला १२० ठोक्यांची धर. एका ठोक्यात दोन सूर म्हटले तर प्रत्येक सूर पाव सेकंदाचा. पेडलवर तीन सेकंदांचा 'हॉल' लावलास तर कुठल्याही क्षणी बारा सुरांच्या शेपट्या हवेत लोंबकळत असणार. दुप्पट लयीत गेलास तर चोवीस. कड्यावरच्या घुमटात बेंजो पार्टी वाजवली तर काय होईल त्याची कल्पना कर. घुमट बांधणाऱ्यांनी तो सावकाश म्हणायच्या मंत्रांसाठी बांधला. त्या जागेला तेच गाणं शोभतं. धावत्या चालीला आखूड, सेकंदाच्या आतला घुमारा हवा, तोही चवीपुरता. दुसरं, 'प्री-डिले' म्हणून बटण असलं तर ते वीसेक मिलिसेकंदांवर ठेव. तेवढ्या वेळात आवाज सात मीटर चालतो, म्हणजे साडेतीन मीटरवर पहिली भिंत आहे असा भास होतो. तेवढ्या फटीमुळे मूळ सूर शेपटीत बुडत नाही. तिसरं, गिटारीचा आवाज फाडणारं पेडल आधी, रिव्हर्ब नंतर. उलटं केलंस तर घुमाराच फाटतो आणि उरतो तो गोंगाट. आणि शेवटचं, मंडळाच्या साऊंडवाल्याला हात जोडून सांग, की माझ्या लाइनवर इको लावू नकोस. तो लावणारच. म्हणून स्वतःचा निम्मा कर.

"म्हणजे स्प्रिंग," तो म्हणाला. बरोबर. स्प्रिंगेचा घुमारा उथळ असतो, खडबडीत असतो, आघाताला ठिबकतो. बेंजोच्या टणत्काराशी तो जमतो. स्टुडिओत बसून मी प्लेट लावेन, पण टेम्पोत स्प्रिंग. खरी तार असलेली पेटी टेम्पोत घेऊ नये, खड्डा आला की ढगफुटी झाल्यासारखा आवाज करते आणि दापोली ते हर्णै रस्त्यावर तिला दम खायला वेळ मिळणार नाही. तिची नक्कल करणारं साधं पेडल पुरे. एक बटण असलेलं असेल तर उत्तम. त्याने दिवाळीआधी ते मागवलं, जुनं, साडेचार हजारांत.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण त्याच सुट्टीत आणखी एक गोष्ट ठरली होती. दादाने घर पाडायचं पक्कं केलं. चिऱ्याच्या भिंती, वर माळा, मंगलोरी कौलं, माजघराची सारवलेली जमीन. वाळवी लागलेली तुळई दरवर्षी एक करून बदलून तो थकला आहे, आणि दर पावसाळ्यात वहिनी चार ठिकाणी पातेली लावते. मी पुण्यात राहून जुन्या घराबद्दल गळा काढावा हे बरं दिसत नाही, म्हणून मी बोललो नाही. स्लॅबचं घर बांधा, पाण्याची टाकी वर ठेवा, सगळं खरं आहे.

मात्र रिव्हर्बचा एक प्रकार सांगायचा राहिला होता. १९९९-२०००च्या सुमारास संगणक इतके वेगवान झाले, की एखाद्या खऱ्या जागेचा घुमारा जसाच्या तसा उचलता येऊ लागला. त्या जागेत एक क्षणाचा, तीव्र आवाज करायचा, फुगा फोडला तरी चालतो, आणि त्यानंतर खोली जे काय म्हणते ते सगळं मुद्रित करायचं. तेवढ्या मुद्रणात त्या खोलीचा पूर्ण जबाब असतो: किती भिंती, किती लांब, कशाच्या. मग तो जबाब कुठल्याही कोरड्या आवाजावर संगणकाने चढवायचा. तुमची गिटार त्या खोलीत वाजते, खोली नसली तरी. जगभरातली चर्चं, सभागृहं, बोगदे, टाक्या लोकांनी अशा नोंदवून ठेवल्या आहेत. कोकणातलं माजघर कुणी नोंदवलं असेल असं वाटत नाही. कशाला नोंदवेल?

दिवाळीत मी छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो. वाढदिवसाचे उरलेले फुगे होते. पुतण्याने माजघराच्या मधोमध उभं राहून फुगा फोडला, मी देवघराच्या दाराशी रेकॉर्डर धरला. तीनदा केलं. कणगी अजून जागेवर होती, गाद्यांची चळत होती, वर लाकडी तक्तपोशी. रात्री संगणकावर बघितलं तर सगळा घुमारा अर्ध्या सेकंदाच्या आत संपलेला. पुतण्याची निराशा झाली. "काका, यात तर काहीच नाहीये." त्याला घुमट अपेक्षित असावा. मी त्याच्या गिटारीचा एक कोरडा तुकडा घेतला आणि त्यावर ते चढवलं. आवाज मोठा झाला नाही, गोड झाला नाही, गूढ तर अजिबात झाला नाही. कुणीतरी पलीकडच्या खोलीत जमिनीवर बसून वाजवतंय, एवढंच वाटलं. तो पुन्हा पुन्हा लावून ऐकत राहिला.

माघात घर उतरवलं. तुळयांतल्या तीन चांगल्या निघाल्या, त्या नव्या पडवीला वापरायच्या आहेत.

पुतण्याकडे त्या तीनही फाइली आहेत आणि तो दुसरीच वापरतो. तिसऱ्यात फुगा नीट फुटला नव्हता. पहिली बाद झाली, कारण फुगा फुटल्याबरोबर स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली होती, "कोण रे फटाके लावतंय घरात?" ते काढून टाकायला हवं होतं, आम्ही तसंच ठेवलं. ती फाइल गिटारीवर चढवली की प्रत्येक सुरामागून एक अस्पष्ट बाई रागावते. लयीत वाजवलं तर लयीत रागावते.